गल्लीतलं घर बघताना

होस्टेलवर पहिल्या दिवशी मी गाव सांगितलं, हिंडलगा. समोरून दोनच प्रतिक्रिया आल्या. एकीनं विचारलं, "तो जेल आहे तिथलंच का?" आणि दुसरीनं विचारलं, "ते नक्की कुठे आलं?" पहिलीला मी हो म्हटलं. दुसरीला सांगितलं की बेळगावहून वेंगुर्ल्याकडं जाणारा रस्ता धर, कॅम्पातली मोठी झाडं मागं पडली, की आलंच आमचं गाव. मग मी "आता मी जेवायला जातो" असं म्हणाले आणि सगळ्या हसल्या. आमच्याकडं बायकाही "मी जातो, मी घेतो" असंच म्हणतात. मुंबईत येऊन मी ते सोडलं. घरी फोन लावला की आपोआप परत येतं.

हे घर बघण्याबद्दल लिहायला बसले, तर सुरुवात त्या फोनपासूनच करायला हवी. कारण आमचं निम्मं घर मी फोनवरच बघितलं.

बेळगावात घर घेण्याचा एक ठरलेला क्रम आहे. गल्लीतलं जुनं घर भावाभावांत वाटायचं, आपला वाटा विकायचा, आणि हिंडलगा, गणेशपूर अशा बाहेरच्या बाजूला प्लॉट घेऊन दुमजली घर बांधायचं. पुढं गेट, गेटच्या आत गाडी, कोपऱ्यात तुळस. आमच्या गावातली भातशेतं बघता बघता अशीच नगरं झाली. आम्ही मात्र उलट्या दिशेनं निघालो. शेताचा रस्त्याकडचा तुकडा बाबांनी आणि काकांनी मिळून विकला होता, बाबांच्या वाट्याला पैसे आले होते, आणि आईला शहरात, गल्लीत, रस्त्याला लागून सोपा असलेलं घर हवं होतं.

आईचं कारण साधं होतं. ती ब्लाऊज शिवते. कापड शहरातून आणायचं, अस्तर मॅचिंग करायला शहरात जायचं, शिवून झालं की पिशवी घेऊन पुन्हा शहरात पोचवायचं. बाबा रविवार पेठेत एका दुकानात हिशेब लिहितात, म्हणजे तेही रोज शहरातच. "आपण राहतो हिंडलग्याला आणि जगतो गल्लीत," आई म्हणायची. "मशीन सोप्यात मांडून बसलो की गिऱ्हाईक दारात येतं. मला बसमधनं ब्लाऊज मिरवायचा कंटाळा आलाय." बावीस वर्षं शिवणकाम केल्यावर तिनं पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं, त्यामुळं नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, मी सुट्टीला घरी होते. आई, मी आणि बाबा असे तिघं घरं बघत फिरलो. खडेबाजार, गणपत गल्ली, रामलिंगखिंड गल्ली, शनिवार खूट, पलीकडं शहापूर. ही नावं मी लहानपणापासून खरेदीच्या निमित्तानं ऐकलेली. पण दुकानाच्या मागं, बोळाच्या आत माणसं कशी राहतात ते तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आईनं एक शाळेची वही केली होती. प्रत्येक घर बघून आलो की त्यात काहीतरी लिहायची. तुमच्यापैकी कुणाला पुढं कधी जुन्या वस्तीत घर घ्यायचं झालं, मग ते बेळगावात असो नाहीतर आपल्या कॉलेजपासून चालत जाता येईल अशा गिरगावात, तर त्या वहीतलं थोडं उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, गल्लीतलं घर पुढून बघून कळत नाही. पुढची बाजू दहा-बारा फुटांची. आत शिरलं की सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परसू, असं आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागं एक लांबच लांब. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं चिकटलेली, त्यामुळं बाजूनं खिडकी नाही. उजेड येतो तो पुढून, मागून आणि कौलांत बसवलेल्या काचेतून. आम्ही सकाळी अकराला एक घर बघितलं, छान वाटलं. आई म्हणाली, दुपारी चारला परत जाऊया. चार वाजता माजघरात दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नव्हता. तिनं पिशवीतून सुईदोरा काढून खरोखरच ओवून बघितला. घरमालकीण बघतच राहिली.

दुसरी गोष्ट, पाऊस. आमच्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस मुक्कामाला असतो. मे महिन्यात सगळीच घरं कोरडी असतात, नवा रंग मारलेला असतो. म्हणून मेमध्ये पसंत पडलेलं घर जुलैमध्ये पुन्हा बघायचं. भिंतीला हात लावायचा, कपाट सरकवून मागं बघायचं, वर कौलांकडं बघायचं. जुन्या घरांवर मंगळुरी कौलं आहेत, आणि उतरवलेल्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उमटवलेलं दिसतं. ही कौलं यंत्रावर करायला सुरुवात केली ती बासेल मिशनच्या लोकांनी, मंगळूरजवळ जेप्पूला, १८६५ साली. धर्म सांगायला आलेल्या माणसांनी आमच्या डोक्यावर कौलं घातली, हे मला इथं कॉलेजात आल्यावर कळलं. कौलं अजून चांगली असतात, खालचा वासा कुजलेला असतो. म्हणून कौलं मोजू नयेत, वासे वाजवून बघावेत, असं आईच्या वहीत आहे.

पावसाबरोबर पागोळ्या येतात आणि पागोळ्यांबरोबर भांडणं. तुमच्या कौलांचं पाणी कुणाच्या परसात पडतं? शेजारच्याचं तुमच्याकडं येतं का? मधली भिंत कुणाची? बऱ्याच जुन्या घरांत ती दोघांची, सामाईक असते. म्हणजे तुम्ही तुमचं घर पाडून स्लॅबचं करायला गेलात तर शेजाऱ्याचं घर एका बाजूनं उघडं पडतं. एका घरात तर मागच्या विहिरीवर तीन घरांचा हक्क होता, आणि दोन घरांची विहिरीवर यायची वाट ह्या घराच्या परसातून. मालक म्हणाले, "आता नळ आलेत, कोण येत नाही." आमच्या आज्जीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "नळ बंद पडला की येतील की." वर्षानुवर्षांच्या अशा वहिवाटीला कायदा हक्क मानतो, १८८२ सालचा कायदा आहे त्यासाठी. घर विकलं म्हणून वाट बुजत नाही.

परसाच्या मागं बहुतेक ठिकाणी अरुंद बोळ असतो. एजंट त्याला "मागचा रस्ता" म्हणतो आणि दोन रस्त्यांचं घर म्हणून भाव वाढवतो. तो बोळ कशाचा ते आज्जीनं सांगितलं. टोपलीचे संडास होते त्या काळातली ती वाट. मैला डोक्यावर घेऊन जाणारी माणसं गल्लीतून दिसू नयेत म्हणून घरांच्या पाठीमागून काढलेली. मी नंतर ज्या ज्या घरात गेले तिथं परसात उभं राहून त्या बोळाकडं बघितलं. पुढच्या दारावर नक्षी, आणि मागं हा बोळ. एकाच घराचे दोन रस्ते, आणि दोन्हींवरून चालणारी माणसं कधी एकमेकांच्या घरी जेवली नसतील. आईनं ह्याबद्दल वहीत काही लिहिलं नाही. मी इथं लिहिते.

तिसरी गोष्ट सणांची. गल्लीत राहायचं तर सण घरात येतात, तुम्ही बोलवा नाहीतर नको. बेळगावात सार्वजनिक गणपती लोकमान्य टिळकांनी १९०५ साली झेंडा चौकात बसवला, असं आमच्याकडं प्रत्येक पोराला पाठ असतं. आता गल्लोगल्ली मंडप असतात. विसर्जनाची मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडं निघते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. शिवजयंतीला चित्ररथ निघतात, तीही रात्र जागीच. ढोलानं फळीवरची भांडी वाजतात. ज्याला हे आवडतं त्याला गल्लीसारखं सुख नाही, आणि ज्याच्या घरात आजारी माणूस किंवा तान्हं मूल आहे त्याला मिरवणुकीच्या रात्री नातेवाईक शोधावे लागतात. म्हणून गणपतीतल्या एका रात्री घर बघायला जा. मंडप कुठं घालतात ते बघा. तुमच्या दारासमोर घालत असतील तर दहा-अकरा दिवस तुमची गाडी कुठं राहील ते विचारा.

आज्जीची अट वेगळीच होती. ती हिंडलग्यातून हलली नाही, पण प्रत्येक घराबद्दल विचारायची, "घरातनं तिरडी वळते काय?" आम्ही हसायचो. मग एका घरात वरच्या खोलीत जायला जिना इतका अरुंद आणि उभा होता की आजारी माणसाला स्ट्रेचरवरून खाली आणणंही जमलं नसतं. बोळ असा की ॲम्ब्युलन्स चौकातच थांबणार. त्या दिवसापासून आईच्या वहीत एक ओळ आली, "जिना, बोळ, तिरडी."

आणि शेजार. एजंटला शेजाराबद्दल विचारू नये. पिठाच्या गिरणीत बसावं, दळण होईपर्यंत. अर्ध्या तासात गल्लीतल्या सगळ्या घरांची माहिती मिळते. कोण भांडखोर, कोण रात्री दारू पिऊन येतो, कुणाच्या नळाला पाणी येत नाही, महापालिकेचा नळ किती वाजता येतो. आईनं दोन किलो ज्वारी तीन गल्ल्यांत दळून आणली होती. थोडी थोडी करून.

जूनअखेरीस एक घर ठरलं. गल्लीचं नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच आहेत. सोपा रस्त्याला लागून, वर दोन खोल्या, जिना बरा, विहीर नाही, भिंत एका बाजूनं स्वतःची. जागा गुंठ्याच्या आत. दोन भाऊ मालक. चाळीस लाखांना बोलणी झाली आणि बाबांनी एक लाख इसार दिला. मी तोपर्यंत मुंबईला परत आले होते. आईनं फोनवर सोप्याचा फोटो पाठवला. मशीन कुठं ठेवणार तिथं तिनं खडूनं चौकोन काढला होता.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण आमची सगळी गोष्ट ह्याच भागात आहे.

बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्यामुळं जुन्या घराच्या कागदांची गाठोडी सोडली तर थरावर थर निघतात. सगळ्यात खाली मोडीतली खरेदीखतं. त्यावर बाळबोध मराठी आणि इंग्रजी. आणि सगळ्यात वर कन्नड. एकाच घराची गोष्ट, पण ती सगळी वाचू शकेल असा माणूस शोधून सापडत नाही. आज्जा मोडी वाचायचा, तो गेला. बाबांना मराठी आणि हिशेबापुरतं इंग्रजी. कन्नड बोलायला येतं, दुकानात रोज बोलतात, पण वाचता येत नाही. घरात कन्नड वाचणारी मी एकटी, कारण मराठी माध्यमाच्या शाळेतही आम्हाला कन्नड होतं. मार्क बेताचेच पडायचे.

ह्यात एक गंमत आहे, आणि ती नुसती गंमतही नाही. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीच्या विरोधात आमच्या भागात आंदोलन झालं, गोळीबारात माणसं गेली. त्यांचं स्मारक आमच्या हिंडलग्यातच आहे. दर १ जूनला तिथं लोक जमतात, आज्जाही न चुकता जायचा. त्याच आज्जानं मला सातवीत कन्नडचं पुस्तक फेकून दिलं म्हणून रागावलं होतं. "भाषेनं काय केलंय तुझं? भांडण सक्तीशी हाय," म्हणाला होता. तेव्हा मला ते पटलं नव्हतं.

तर बाबा दुकानातून सुटले की कागदांचे फोटो काढून मला पाठवायचे, आणि मी होस्टेलच्या गच्चीत बसून अक्षरं जुळवत वाचायची. कर्नाटकात शहरातलं जुनं घर घ्यायचं तर निदान एवढं बघावं लागतं. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, त्यावरचा सीटीएस नंबर आणि क्षेत्रफळ. महापालिकेचा ई-खाता, त्यावर नावं कुणाची. ई.सी., म्हणजे घरावर कर्ज, गहाण, आधीची विक्री काय काय नोंदलंय त्याचा उतारा, तो कावेरी पोर्टलवर मिळतो. घरपट्टीच्या पावत्या. आणि 'बुडा'च्या मास्टर प्लॅनमध्ये रस्ता रुंद होणार आहे का, कारण रुंदीकरणात पुढचा सोपा गेलेली, कापलेल्या भिंतीवर आतल्या खोलीचा निळा रंग दिसणारी घरं आम्ही सगळ्यांनी बघितली आहेत. खर्चाचंही आधीच बघावं. आम्ही ह्या सगळ्यात असतानाच, ऐन गणपतीत, ३१ ऑगस्टपासून नोंदणी शुल्क १ टक्क्याचं २ टक्के झालं. मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर सेस आणि अधिभार. चाळीस लाखांच्या घराला तीन लाखांच्या वर नुसते सरकारात भरायचे.

ई-खाता स्वच्छ होता. दोन भावांची नावं. ई.सी.वर बोजा नव्हता. वंशवृक्ष, म्हणजे वारसांची वंशावळ, त्यातही आईवडील मयत आणि खाली दोन मुलगे. सगळं जुळत होतं. शेवटी प्रॉपर्टी कार्डचा फोटो आला, तो अंधुक होता. वडील वारल्यानंतरची नोंद होती, त्यात चार नावं. बायको, दोन मुलगे, आणि चौथ्या नावाच्या पुढं एक शब्द. मी तीनदा वाचला. मगळु.

कन्नडमध्ये 'मग' म्हणजे मुलगा. 'मगळु' म्हणजे मुलगी.

मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "ते मी बघितलंय, आडनाव असेल म्हटलं." एजंटला विचारलं तर तो म्हणाला, ती जुनी नोंद आहे, ते मनावर घेऊ नका, ताईंचं लग्न होऊन तीस वर्षं झाली. वकिलांनी मात्र मनावर घेतलं. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. अशा वेळी बापाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा हिंदू वारसा कायद्यानं १९५६ सालीच दिलेला आहे. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीनं ती मुलासारखीच हक्कदार झाली. लग्न होऊन किती वर्षं झाली ह्याचा त्याच्याशी संबंध नाही. त्यांची सही नसेल तर पुढं कधीही दावा होऊ शकतो, आणि तो आमच्यावर. होस्टेलमधल्या माझ्या केरळच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडं मेरी रॉय सुप्रीम कोर्टात गेल्या तेव्हा १९८६ साली ख्रिश्चन मुलींना बरोबरीचा वाटा मिळाला, आणि अजूनही माझ्या मावश्यांनी तो मागितलेला नाही. १९८६ हे साल मला एकाच गोष्टीसाठी माहीत होतं. आता दोन झाल्या.

मी गणपतीला घरी गेले होते. भाऊ म्हणत होते, सही आम्ही आणतो, तुम्ही घाई करू नका. मग म्हणाले, तुम्हीच जाऊन बोला, तुमच्यावर विश्वास बसेल. बाबा आणि मी निपाणीला गेलो. त्या बाईंचं घर दोन खोल्यांचं. दारात सुपात तंबाखू, पानं, आणि त्या विड्या वळत बसलेल्या. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी हात धुतले आणि चहा ठेवला. घर विकायला काढलंय हे त्यांना माहीतच नव्हतं.

"सही करायला मी नाही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "भावांचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण मला कुणी विचारलं तर पायजे. तुम्ही पहिले आलासा, आणि तुम्ही परके." मग चहा देता देता माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "पोरी, तू शिकलेली हाईस. माझा हिस्सा किती होतो?"

बाबा कपाकडं बघत होते. मी म्हटलं, "तिघांतला एक. चाळीस लाखांतले तेरा लाखांच्या वर."

त्या काहीच बोलल्या नाहीत. सुपाकडं बघितलं फक्त. एक हजार विड्या वळायला किती तास लागतात ते मी त्यांना विचारणार होते, पण विचारलं नाही.

परतताना संकेश्वर मागं पडेपर्यंत बाबा गप्प होते. मी घाबरत घाबरत विचारलं, "आपलं शेत विकताना आत्तीनं सही केली, तेव्हा तिला काय दिलं?" बाबा चिडले. "मुंबईला शिकायला पाठवलं ते हे विचारायला?" म्हणाले. यमकनमर्डीपर्यंत पुन्हा गप्प. मग खिडकीकडं बघत म्हणाले, "साडी दिली. आणि जेवायला घातलं."

मला ती साडी आठवली. मोरपंखी. ब्लाऊज आईनंच शिवला होता. उपनोंदणी कार्यालयातून येताना आत्ती हसत होती, तिनं वाटेत सगळ्यांना कुंदा घेतला होता, स्वतःच्या पैशांनी. मी तेव्हा बारावीत होते. मलाही काही खटकलं नव्हतं.

ते घर गेलं. बहिणीनं तिसरा वाटा मागितला, भाऊ संतापले, आणि घर विकायचं नाही असं त्यांनी ठरवलं. इसाराचा एक लाख परत यायला दिवाळी उजाडली, तोही तीन हप्त्यांत. सोप्यातला खडूचा चौकोन त्यांनी पुसला असेल. आईनं त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही, पण पंधरा दिवस मशीनला हात लावला नाही.

भाऊबीजेला बाबा आत्तीकडं गेले, मी बरोबर होते. ओवाळून झाल्यावर त्यांनी ताटात पाकीट ठेवलं. दोन लाख. तिसरा हिस्सा नव्हता, त्याच्या जवळपासही नव्हता. काकांनी तर काही दिलंच नाही आणि अजून बाबांशी नीट बोलत नाहीत. आज्जी म्हणाली होती, "तिच्या लग्नात खर्च केला की." बाबांना एवढंच जमलं, आणि एवढं जमवायला त्यांना किती त्रास झाला ते मी बघितलं आहे.

आत्तीनं पाकीट उघडलं आणि तिथंच बसून नोटा मोजायला लागली. बाबा ओशाळून म्हणाले, "मोजूलालीस व्हय?"

"मोजणार की," ती म्हणाली. पूर्ण मोजून झाल्यावर पाकीट तिनं कमरेला खोचलं. "ओवाळणी म्हणून घेत न्हाई. माझं म्हणून घेतो. ओवाळणी वेगळी घाल."

बाबांनी खिशातून पाचशेची नोट काढून ताटात ठेवली.

आता आईनं शहरात एका गल्लीत सोपा भाड्यानं घेतला आहे, नुसता सोपा. सकाळी बाबांबरोबर जाते आणि संध्याकाळी परत येते. पिशवी अजून आहे, पण हलकी झाली आहे. गिऱ्हाईक दारात येतं. समोरच गिरणी आहे, त्यामुळं विकायला निघालेलं प्रत्येक घर तिला एजंटच्या आधी कळतं. घर बघणं चालूच आहे, दोन लाख कमी घेऊन.

वही माझ्याकडं आहे. तिच्यात उजेड, वासे, पागोळ्या, मंडप, जिना, सगळं आहे. गेल्या महिन्यात एजंटनं एक नवीन घर दाखवलं. मी फोनवरच होते, व्हिडिओ कॉलवर. बाबांनी भिंतीला हात लावला नाही, कौलांकडं बघितलं नाही. दारातच उभं राहून त्यांनी मालकांना विचारलं, "तुम्हाला बहिणी किती?"